ॲटोमियम आणि कुंपणाआडचं गाव

ब्रसेल्सला आमच्याकडे पाहुणे आले की त्यांची यादी ठरलेली असते: चॉकलेट, ग्रां प्लासचा चौक आणि ॲटोमियम. पहिल्या दोन गोष्टी ते आपले आपण उरकतात. ॲटोमियमला मात्र मी हट्टानं सोबत जाते. तिथली अर्धी गोष्ट आता डोळ्यांना दिसत नाही, ती कुणीतरी सांगावी लागते.

हेझेलच्या पठारावर १७ एप्रिल १९५८ रोजी जागतिक प्रदर्शन सुरू झालं. दुसऱ्या महायुद्धानंतरचं एवढं मोठं हे पहिलंच. ऑक्टोबरपर्यंत चार कोटींहून जास्त माणसं येऊन गेली. सोव्हिएत मंडपात स्पुतनिकची प्रतिकृती होती, तर अमेरिकी मंडपात फॅशन शो. शीतयुद्ध इथे असं रंगलं होतं. फिलिप्स कंपनीचा मंडप वास्तुकार ल कॉर्ब्युझिए यांच्याकडे होता. पण ते चंदीगडच्या कामात गुंतलेले, त्यामुळे आराखड्याचा बराचसा भार त्यांचे सहकारी यानिस झेनाकिस यांनी उचलला. प्रदर्शन संपल्यावर तो मंडप पाडला गेला.

पाडायचं तर याच प्रदर्शनासाठी उभारलेलं ॲटोमियमही ठरलं होतं. आंद्रे वॉटरकेन या अभियंत्यानं लोखंडाच्या स्फटिकातल्या अणूंची रचना १६५ अब्ज पट मोठी करून उभी केली: उंची १०२ मीटर, नऊ गोल, प्रत्येकाचा व्यास १८ मीटर. काही गोलांना जोडणाऱ्या नळ्यांतून सरकते जिने जातात. लोकांना ते इतकं आवडलं की ते राहिलं. पुढे ॲल्युमिनियमचा पत्रा कळकट झाला, तेव्हा तो उतरवून स्टेनलेस स्टील चढवलं आणि २००६ साली ॲटोमियम पुन्हा खुलं झालं. आज दिसते ती चकाकी या नव्या पत्र्याची.

आता न दिसणारी गोष्ट. याच प्रदर्शनात बेल्जियमनं आपली वसाहत काँगो मिरवली. एक ‘काँगोली गाव’ वसवलं, तिकडून आणलेल्या स्त्री-पुरुषांना बांबूच्या कुंपणाआड कलाकुसर करत बसवलं. बघे त्यांच्याकडे नाणी, केळी फेकत. अपमान असह्य होऊन त्यांनी जुलैमध्येच ते गाव सोडलं. दोन वर्षांनी, ३० जून १९६० रोजी, काँगो स्वतंत्र झाला.

पाहुणे इथे हळहळतात आणि कॅमेरा काढतात. तेव्हा मी शिंकोलोब्वेचं नाव घेते. काँगोतल्या या खाणीतलं युरेनियम बेल्जियन कंपनीनं अमेरिकेला विकलं. अमेरिकेच्या पहिल्या अणुबॉम्बच्या प्रकल्पात वापरलेलं बहुतांश युरेनियम तिथलंच. म्हणजे ज्या अणुयुगाचा हा उत्सव होता, त्याचा कच्चा माल ज्यांच्या जमिनीतून निघाला, तीच माणसं उत्सवात कुंपणाआड बसली होती. हे दोन वेगवेगळे विषय नाहीत, एकच हिशेब आहे. त्यातली जमेची बाजू तेवढी आपण पोस्टकार्डावर छापतो.

ब्रसेल्सला याल तेव्हा ॲटोमियम जरूर पाहा; वरच्या गोलातून सगळं शहर दिसतं. पण ४४ नंबरच्या ट्रामनं तेर्व्हुरेनलाही जा. तिथे आफ्रिका संग्रहालय आहे, आणि गावातल्या चर्चच्या आवारात १८९७च्या प्रदर्शनासाठी आणलेल्या, इथेच दगावलेल्या सात काँगोली माणसांच्या कबरी आहेत. दोन्ही ठिकाणं पाहिल्याशिवाय बेल्जियमची सहल पूर्ण झाली असं समजू नका.