चिठ्ठी नको, औषध हातात द्या

फेंटानिल किंवा हेरॉइन जास्त झाल्याने श्वास मंदावलेला रुग्ण अमेरिकेतल्या इस्पितळाच्या इमर्जन्सी विभागात शुद्धीवर आला, बोलू लागला, की संकट टळले असे सगळ्यांना वाटते. तसे नसते. मॅसॅच्युसेट्स राज्यात २०११ ते २०१५ दरम्यान अशा प्रसंगातून वाचलेल्या ११,५५७ रुग्णांपैकी ६३५ जण वर्षभरात दगावले. त्यातले १३० पहिल्या महिन्यात आणि २९ तर पहिल्या दोन दिवसांत. म्हणून घरी जाताना रुग्णाच्या हातात काय पडते, हा उपचाराचाच भाग आहे. ‘चिठ्ठी दिली, पुढचे त्याने पाहावे’ ही समजूत मला सर्वांत घातक वाटते. नॅलॉक्झोन हा अशा विषबाधेवरचा उतारा. पण इमर्जन्सीतून परतल्यावर महिनाभरात तो औषधाच्या दुकानातून घेतला गेल्याचे प्रमाण २०१९ ते २०२१ दरम्यानच्या एका पाहणीत तेरात एक एवढेच आढळले. अनेकांना चिठ्ठीच मिळत नाही. मिळाली तरी रात्री दुकान बंद, खिसा रिकामा, शिवाय काउंटरवर औषधाचे नाव सांगण्याची लाज. २०२३ पासून नाकात मारायचा फवारा चिठ्ठीविना मिळतो खरा, पण तेव्हा दोन फवाऱ्यांची पेटी साधारण ४५ डॉलरला पडत होती.

उतारा घरात असला की माणूस बिनधास्त नशा करील, हा आक्षेप काळजीपोटी येतो, पण औषधाचा गुण पाहिला की तो टिकत नाही. नॅलॉक्झोनने नशा चढत नाही, उतरते. आणि सवय जडलेल्याला लगेच घाम, उलट्या, अंगदुखी सुरू होते. हे कुणी हौसेने ओढवून घेत नाही. शिवाय बेशुद्ध माणूस स्वतः फवारा मारू शकत नाही. तो शेजारच्यासाठी असतो: एका नाकपुडीत नळी घालून दट्ट्या पूर्ण दाबायचा, दोन-तीन मिनिटांत श्वास सुधारला नाही तर दुसरा फवारा दुसऱ्या नाकपुडीत. असर तीस ते नव्वद मिनिटांचाच, त्यामुळे ९११ या आपत्कालीन क्रमांकाला फोन करावाच लागतो.

रुग्णाच्या हातात पडायला हवे असे दुसरे औषध म्हणजे व्यसनाच्या उपचारातले ब्युप्रेनॉर्फिन. त्याच्याबद्दल ‘एका व्यसनाच्या जागी दुसरे’ असे म्हटले जाते. हे औषध तलफ आणि अंगदुखी शमवते, आणि एका मर्यादेपुढे त्याचा परिणाम फारसा वाढत नाही. येल विद्यापीठाच्या २०१५ मध्ये प्रसिद्ध झालेल्या चाचणीत ते इमर्जन्सीतच सुरू केलेल्यांपैकी ७८ टक्के रुग्ण महिन्यानंतर उपचारात होते. नुसता पत्ता देऊन पाठवलेल्यांपैकी ३७ टक्के. कायदा आडवा येतो, हेही आता खरे नाही. ते लिहून देण्यासाठी लागणारी खास परवानगी २०२२ च्या डिसेंबरअखेर रद्द झाली. पूर्वी इमर्जन्सीतून चिठ्ठीविना एका वेळी एकाच दिवसाचा डोस देता येई आणि रुग्णाला तीन दिवस खेटे घालावे लागत. २०२३ च्या नियमाने तिन्ही दिवसांचे औषध एकदम देता येते. शुक्रवारी रात्री घरी निघालेल्या माणसाला सोमवारी क्लिनिकचे दार उघडेपर्यंत तेवढे पुरते.