शाळेचा आनंद मेळावा : पहिल्यांदा भरवताना

• मेळावा : मुलांनीच मांडलेले खाऊचे नि खेळांचे स्टॉल. हेतू व्यवहारज्ञानाचा, शाळेला निधी हवा तर नफ्यातला वाटा आधी ठरतो.

• मंडई (गावजत्रा) वेगळी : गोंदिया, भंडारा, चंद्रपूर, गडचिरोलीच्या झाडीपट्टीत दिवाळीनंतर गावोगाव भरते. सोबत दंडार (लोकनाट्य), नाटक. मेळाव्यासाठी त्या तारखा टाळाव्यात. पालक मोकळे हवेत, म्हणून धानाची मळणी उरकलेली बरी.

• मंजुरी : शाळा व्यवस्थापन समितीची. शिक्षण हक्क कायदा, २००९ : किमान तीन-चतुर्थांश सदस्य पालक, एकूण सदस्यांत निम्म्या महिला.

• भोंगा : लेखी परवानगी, रात्री १० ते सकाळी ६ बंद.

• गल्ला : कूपने एकाच टेबलावर, स्टॉलवर रोकड नाही. दहा-वीसच्या सुट्ट्या नोटा आदल्या दिवशीच. साहित्याचा खर्च वजा जाता उरतो तो नफा. गल्ल्यातली सगळी रक्कम नव्हे.