हिरवा पक्ष आणि खारं पाणी

समजा पुढच्या निवडणुकीत मतदान यंत्रावर एक नवंच नाव दिसलं : 'हरित पक्ष'. बटण दाबाल? की 'झाडं लावायला पक्ष कशाला पाहिजे बुवा?' म्हणत दुसरं चिन्ह शोधाल?

असे पक्ष जगात आहेत बरं का! पश्चिम जर्मनीत 1980 मध्ये असा पक्ष स्थापन झाला आणि तीनच वर्षांत थेट संसदेत पोहोचला. 2001 मध्ये जगभरातले हरित पक्ष ऑस्ट्रेलियात कॅनबेराला जमले आणि त्यांनी सहा तत्त्वांची सनद तयार केली. त्यात निसर्गाच्या बरोबरीनं सामाजिक न्याय आणि लोकसहभागही आहे. आपल्या देशात उत्तराखंड परिवर्तन पार्टी 2009 पासून जल, जंगल, जमिनीवर स्थानिकांचा हक्क मागते आहे. निवडणुकीत तिला मोठी मजल मारता आलेली नाही, पण मुद्दा तिनं सोडलेला नाही.

आता हेच सगळं आपल्या बुलडाण्यात आणून बघू.

आपला जिल्हा 'पर्यावरणा'च्या बातम्यांत अधूनमधून झळकतो. 2019 मध्ये यवतमाळच्या टिपेश्वर अभयारण्यातून निघालेला वाघ शेकडो किलोमीटर चालत ज्ञानगंगेत आला. 2020 च्या जून महिन्यात लोणारचं पाणी गुलाबी झालं आणि त्याच वर्षी सरोवराला 'रामसर' दर्जा मिळाला. आपण स्टेटस ठेवले, छाती फुगवली. छानच झालं. पण पूर्णाकाठच्या माणसाला विचारा, तुझ्यासाठी पर्यावरण म्हणजे काय? तो घागरीकडे बोट दाखवेल.

घागरीतला न्याय

अकोला, अमरावती आणि बुलडाणा या तीन जिल्ह्यांत पूर्णेच्या खोऱ्यात खारपाणपट्टा पसरलेला आहे. आपल्याकडे शेगाव, संग्रामपूर, जळगाव जामोद या भागांत त्याची झळ बसते. जमीन काळी, कसदार; पण जमिनीखालचं पाणी खारट. विहीर खोदली तरी त्या पाण्यावर ओलीत करायची सोय नाही, उलट जमीनच बिघडायची भीती. म्हणून शेती पावसाच्या भरवशावर. किडनीच्या आजारांच्या तक्रारीही या गावांतून वर्षानुवर्षं येत आहेत.

जमिनीतला क्षार निसर्गाचा, हे खरं. पण तो कुणाच्या पोटात जातो, हे निसर्ग ठरवत नाही. ज्याच्या खिशात पैसे आहेत, तो थंड पाण्याचा जार विकत घेतो. दिवसभर निंदणाला जाणाऱ्या मजूर बाईला रोज जार परवडेल का? नळ आठवड्यातून किती वेळा येतो, यावर तिचं आरोग्य ठरतं. पर्यावरणाचा प्रश्न आणि गरिबीचा प्रश्न असे एकाच घागरीत असतात.

खरी परीक्षा जिगावची

आता अवघड पेपर. नांदुरा तालुक्यात पूर्णेवर जिगाव प्रकल्प उभा राहतोय. त्याचं पाणी खारपाणपट्ट्यातल्या शेतांना मिळणार आहे. म्हणजे हा प्रकल्प हवाच, नाही का? पण त्याच धरणासाठी चाळीसहून अधिक गावांना झळ बसते आहे. नव्वदच्या दशकात मंजूर झालेल्या या प्रकल्पाचा खर्च काही शे कोटींवरून हजारो कोटींवर गेला. तेव्हा शाळेत असलेली पोरं आज बाप झाली. गाव उठणार म्हणून नवं घर बांधायचं नाही आणि जुनं गाव तर सुटत नाही, अशा अधांतरी अवस्थेत माणसं किती वर्षं काढणार?

इथं 'धरण नको' एवढंच म्हणून भागत नाही, आणि 'विकासासाठी त्याग करा' म्हणूनही नाही. त्याग नेहमी त्याच माणसांनी का करायचा? म्हणून हरित म्हणवणाऱ्या पक्षानं आधी सांगावं : पाणी अडवण्यापूर्वी पुनर्वसन पूर्ण होईल का? भूमिहीन मजुराला काय मिळेल? शेवटच्या टोकाच्या शेतापर्यंत पाणी जाईल का?

सातपुड्याच्या पायथ्याशीही तोच प्रश्न आहे. अंबाबरवा अभयारण्यात वाघ जगलाच पाहिजे. पण तिथल्या आदिवासींना हलवायचं, तर 2006 च्या वनहक्क कायद्यानुसार त्यांचे हक्क आधी मान्य करावे लागतात आणि ग्रामसभेची संमती लागते. लोणारलाही सरोवराचं कौतुक करताना गावाच्या सांडपाण्याची जबाबदारी घ्यावी लागते.

मग आपण काय करायचं?

'हरित पक्ष' नावाचं बटण बुलडाण्यात कधी येईल, याची वाट बघत बसू नका. अठरा पूर्ण झाली असतील, मतदार यादीत नाव असेल, तर तुम्ही ग्रामसभेचे सदस्य आहातच. पुढच्या ग्रामसभेत मागच्या बाकावर बसून मोबाइल चाळण्यापेक्षा उभं राहा आणि विचारा : आपल्या गावच्या पाण्याची शेवटची तपासणी कधी झाली? अहवाल कुठं आहे? जलजीवन मिशनमध्ये गावातल्या पाच महिलांना पाणी तपासायचं प्रशिक्षण द्यायचं असतं. ते कुणाला दिलं? उत्तर मिळालं नाही, तर 2005 चा माहिती अधिकार कायदा आहेच. साध्या कागदावरचा अर्जही चालतो.

आणि मत मागायला जो कुणी येईल, त्याचा झेंडा कोणत्याही रंगाचा असो, त्याला बसवा आणि गावचं पाणी प्यायला द्या. त्याच्या गाडीतल्या बाटलीतलं नाही, आपल्या घागरीतलं. तो पिईस्तोवर जिगावचा, पाण्याचा, जंगलाचा प्रश्न विचारून घ्या. त्याचं धोरण किती हिरवं आहे, ते तिथंच कळेल.