जुन्या वास्तूंचा सरकारी सुतार

आमच्या घराच्या मागील दारास सागवानी चौकट होती. ती पणजोबांच्या वेळची, असे वडीलधारी मंडळी सांगत. एका वर्षी असे दिसून आले की, तिच्या एका बाहीचा जमिनीलगतचा वीतभर भाग वाळवीने पोखरला आहे. आम्ही सबंध चौकट उखडली, तिच्या जागी लोखंडी चौकट बसविली आणि जुने लाकूड जळणात घातले. पुढे ऐतिहासिक वास्तूंची दुरुस्ती करणाऱ्या सुतारांचे काम कसे चालते, याची माहिती आम्ही करून घेतली. तेव्हा वीतभर रोगापायी पुरुषभर उंचीचे निरोगी लाकूड आपण जाळले, हे ध्यानात येऊन मन खिन्न झाले. त्या सुतारांच्या विद्येची ओळख वाचकांना करून द्यावी, एवढाच या लेखाचा हेतू आहे.

आमच्या आदिलाबाद जिल्ह्यास लाकूड परके नाही. येथील रानात साग विपुल आहे. शेजारचे निर्मल २०१६ सालापर्यंत याच जिल्ह्यात होते. तेथील प्रसिद्ध खेळणी मात्र सागाची नसून पोनिकी नावाच्या मऊ व हलक्या लाकडाची असतात. खेळण्यास हलकेपणा हवा, तर तुळईस बळ हवे. कोणत्या कामास कोणते लाकूड, हा सुतारकीचा पहिला धडा होय.

या कामात सरकार का पडले, असे कोणी विचारील. पैनगंगेच्या दक्षिणेचा आमचा मुलूख १९५६ सालापर्यंत प्रथम निजामाच्या राज्यात व नंतर भारतातील हैदराबाद राज्यात होता. निजामाच्या राज्यात १९१४ साली पुराणवस्तू खाते निघाले. गुलाम यझदानी हे त्याचे पहिले संचालक. अजिंठ्याच्या लेण्यांची निगाही तेव्हा याच खात्याकडे होती. ब्रिटिश हिंदुस्थानात प्राचीन वास्तूंच्या संरक्षणाचा कायदा १९०४ साली झाला. स्वतंत्र भारताने १९५८ साली नवा कायदा केला. संरक्षित वास्तू ही सर्व जनतेची ठेव मानली जाते, म्हणून तिच्या तुळया व दारे राखणाऱ्या कारागिराचे वेतनही सरकारी तिजोरीतून दिले जाते. काही सुतार खात्याच्या नोकरीत असतात, तर काहींना कामापुरते नेमतात.

आता मुख्य प्रश्न असा की, जुने लाकूड राखता येते काय? याचे उत्तर कार्ल्याच्या चैत्यगृहात पाहावयास मिळते. तेथे दगडी छताखाली कमानीसारख्या लाकडी फासळ्या बसविलेल्या आहेत. त्या सुमारे दोन हजार वर्षांच्या आहेत आणि आजही जागच्या जागी आहेत. डोक्यावर खडक असल्याने त्यांना पाऊस लागला नाही, एवढेच त्यांच्या दीर्घायुष्याचे रहस्य! लाकडास केवळ वयाने मरण येत नाही. त्याचा खरा शत्रू ओल होय. लाकडातील पाण्याचे प्रमाण शेकडा २० च्या वर दीर्घकाळ राहिले, की बुरशी वाढू लागते. वाळवीसही ओलावा हवाच असतो. सागाच्या गाभ्यात निसर्गतःच असे पदार्थ असतात की, वाळवी त्याला सहसा तोंड लावीत नाही. परंतु सालीलगतच्या पांढऱ्या लाकडास हे संरक्षण नसते.

म्हणूनच जाणता सुतार हातात करवत घेण्यापूर्वी पाणी कोठून येते, याचा शोध करतो. कौल फुटले आहे काय? पन्हळ तुंबली आहे काय? भिंतीत पुरलेले तुळईचे टोक ओल धरून आहे काय? बहुधा तुळया टोकाशीच कुजतात, कारण तेथे वारा पोहोचत नाही. पाण्याचा बंदोबस्त न करता नवे लाकूड घातल्यास तेही काही वर्षांत कुजणार, हे निश्चित.

यानंतर मोजमाप घेतात, नकाशे व छायाचित्रे काढतात आणि प्रत्येक भागास क्रमांक देतात. मग हातोडीने लाकूड ठोकून पाहतात. निरोगी लाकडाचा नाद खणखणीत येतो, पोखरलेल्याचा पोकळ येतो. टोच्याने टोचून रोग कोठवर पसरला आहे, हेही ठरवितात. तुळईस धिरे देऊन वरचा भार त्यांवर घेतात आणि कुजलेला भाग तेवढाच कापून काढतात. हा काप आडवा सरळ न घेता लांब तिरपा घेतात, म्हणजे जुन्या व नव्या लाकडाची भेट मोठ्या पृष्ठभागावर होते. नवा तुकडा त्याच जातीचा आणि पुरता वाळलेला हवा. जाडीच्या दर इंचास एक वर्ष वाळू द्यावे, असा जुना आडाखा आहे. त्याच्या रेषाही जुन्या लाकडाच्या रेषांच्या दिशेनेच जावयास हव्यात. असा सांधा शक्य तो लाकडी खुंट्यांनी पक्का करतात. कारण लोखंडी खिळा गंजला म्हणजे फुगतो आणि लाकूड फोडतो.

काम संपल्यावर नवा तुकडा जुन्यासारखा रंगवून पाहणाऱ्यास फसवावे काय? १९६४ साली व्हेनिस येथे जगातील तज्ज्ञांनी जी सनद तयार केली, तिच्यात याचे उत्तर आहे. नवा भाग एकंदर वास्तूशी मिळताजुळता असावा. तथापि जवळून पाहिल्यास तो नवा आहे, हे ओळखू यावे. तसे न केल्यास इतिहासात खोटी साक्ष घातल्यासारखे होईल.

पुण्याचा विश्रामबागवाडा अनेकांनी पाहिला असेल. दुसऱ्या बाजीरावाने १९व्या शतकाच्या आरंभी तो बांधला. त्याच्या दर्शनी बाजूस सुरूच्या आकाराचे कोरीव खांब आहेत. १८७९ साली आगीत त्याचा काही भाग जळाला, तो लोकवर्गणीच्या साहाय्याने पुन्हा उभारला गेला. अलीकडे पुणे महानगरपालिकेने त्याच्या जीर्णोद्धाराचे काम केले. परदेशातील उदाहरण घ्यावयाचे तर पॅरिसचे नोत्र दाम मंदिर पाहा. १५ एप्रिल २०१९ रोजी त्याचे ओकचे छप्पर आगीत भस्मसात झाले. जुन्या आढ्याची मोजमापे आधी घेऊन ठेवली होती, म्हणून नवे आढे जुन्याबरहुकूम घडविता आले. त्यासाठी सुतारांनी कुऱ्हाडीने ओंडके तासण्याची जुनी रीत पुन्हा हाती घेतली, आणि डिसेंबर २०२४ मध्ये मंदिर पुन्हा उघडले. कागदावरील टिपण आणि हातातील कसब ही दोन्ही राहिली, म्हणून हे साधले. यांपैकी एकही नाहीसे झाले असते, तर केवळ पैशाने काय झाले असते?

नेमकी हीच चिंता आज आपल्याकडे आहे. जुने वाडे पडतात, त्यांचे सागवान मापाने विकले जाते, आणि ते सांधे कसे जोडले होते हे सांगणारे म्हातारे कारागीरही एकेक करून जातात. सुतारकीचा एक वर्षाचा अभ्यासक्रम सरकारी औद्योगिक प्रशिक्षण संस्थांतून शिकविला जातो. रंधा, पटाशी आणि गुण्या यांचा सराव तेथे होतो. पण जुन्या वास्तूंचे काम जाणत्याच्या हाताखाली वर्षानुवर्षे उमेदवारी केल्यावाचून येत नाही. त्यास भूमितीही लागते, इतिहासाची आवड लागते आणि सर्वांहून अधिक संयम लागतो. पुस्तकी विद्येस उच्च व हस्तकौशल्यास हीन मानणाऱ्यांनी हे अवश्य ध्यानात घ्यावे.

विद्यार्थिमित्रहो, आपणांपैकी प्रत्येकजण सुतार होणार नाही. परंतु आपल्या गावी एखादे जुने दार, एखादी कोरीव गणेशपट्टी, एखादा देवळाचा लाकडी सभामंडप असेलच. तो पाडण्याची भाषा निघाली, तर रोग किती आणि निरोगी भाग किती, एवढे आधी तपासून पाहण्याचा आग्रह धरा. निदान त्याचे माप व चित्र वहीत उतरवून ठेवा. आमच्या चौकटीचे माप आम्ही घेतले नव्हते. आज ती पुन्हा घडवावी म्हटले, तरी सांगावयास आमच्यापाशी काहीच नाही.