बर्फ न पडणाऱ्या शहरात बर्फाचा हिशेब

मी बोलतोय बंगळुरातून. इथे बर्फ पडत नाही, तरी हिमालयातल्या हिमनद्यांचा बराच हिशेब इथल्या भारतीय विज्ञान संस्थेच्या दिवेचा केंद्रात मांडला जातो. डॉ. अनिल कुलकर्णी तिथलं ठळक नाव.

उपग्रहाच्या चित्रात हिमनदीची लांबी-रुंदी दिसते, जाडी दिसत नाही. आणि पाणी किती साठलंय हे जाडी कळल्याशिवाय सांगता येत नाही. मग करायचं काय? बर्फ स्वतःच्या वजनाने उतारावरून सरकतो. उतार सारखा असेल तर जाड थर भरभर सरकतो, पातळ हळू. वेगवेगळ्या तारखांची दोन चित्रं जुळवली की वेग मिळतो, त्यावरून जाडीचं गणित सुटतं. 2014 साली प्रसिद्ध झालेल्या अभ्यासात गंगोत्रीची जाडी वरच्या अंगाला सुमारे 540 मीटर निघाली, मुखाजवळ जेमतेम 50-60.

त्याआधीचा, 2007चा अभ्यास मला जास्त अस्वस्थ करतो. चिनाब, पार्वती आणि बास्पा खोऱ्यांतल्या 466 हिमनद्यांचं क्षेत्रफळ 1962 पासून 21 टक्के घटलं. गंमत म्हणजे हिमनद्यांची संख्या मात्र वाढली! कारण मोठ्या हिमनद्यांचे तुकडे पडले. (नुसता आकडा पाहून कुणी आनंदाची बातमी छापू नये म्हणजे झालं.) लहान तुकडा लवकर संपतो: एक चौरस किलोमीटरपेक्षा लहान हिमनद्यांचं क्षेत्रफळ 38 टक्के घटलं. शिवाय ताजा बर्फ बहुतेक ऊन परतवतो, उघडा पडलेला काळा खडक ते शोषून तापतो आणि शेजारचा बर्फही वितळवतो. डोंगरातल्या कित्येक गावांची शेती अशाच लहान हिमनद्यांच्या पाण्यावर उभी आहे.