पन्नास ठोके

‘काही सांगू नका, नाडीच सगळं सांगेल’ अशा जाहिराती पुण्यात जागोजागी दिसतात. तोंड न उघडता मनगटावरून आजार कळत असेल, तर तो कळतो कसा, हे जवळून पाहायचं होतं. म्हणून सदाशिव पेठेतल्या एका वैद्यबाईंच्या दवाखान्यात सकाळीच जाऊन बसले. बाहेरच्या खोलीपर्यंत काढ्याचा कडसर वास भरून होता.

सकाळ अशासाठी की नाडी रिकाम्या पोटी पाहायची असते. जेवण, अंघोळ, व्यायाम झाल्या झाल्या ती पाहत नाहीत. पुरुषाचा उजवा हात, बाईचा डावा. अंगठ्याच्या मुळाखाली तीन बोटं ठेवायची: तर्जनीखाली वात, मध्यमेखाली पित्त, अनामिकेखाली कफ. आयुर्वेदाचा ग्रंथकार शार्ङ्गधर याने वाताची नाडी सापाच्या आणि जळवेच्या चालीची सांगितली आहे, पित्ताची कावळ्याच्या आणि बेडकाच्या, कफाची हंसाच्या आणि पारव्याच्या. एवढं पाठ करायला एक दुपार पुरे. बोटांना ते कळायला मात्र वर्षं लागतात.

शिकायला आलेल्या मुलीने एका बाईंचा हात धरला आणि लगेच म्हणाली, “मॅडम, पित्त.”

“पन्नास ठोके मोजलेस?”

“नाही.”

“मग आधी मोज.”

त्या सकाळी हा आकडा मी पुन्हा पुन्हा ऐकला. चिनी वैद्यकाच्या ‘लिंगशू’ या प्राचीन ग्रंथातही पन्नास ठोके न चुकता पडतात का, हे पाहायला सांगितलं आहे. तिसऱ्या शतकातल्या वांग शूहे यांनी नाडीचे चोवीस प्रकार वर्णिले. आज तिकडे अठ्ठावीस शिकवतात. बोटं तीनच, धमनीही तीच. पण ते दोन्ही मनगटं पाहतात आणि डाव्या हाताच्या तीन जागांवर हृदय, यकृत आणि मूत्रपिंड वाचतात. आपण त्याच जागी वात-पित्त-कफ वाचतो. ठोका एकच असताना अर्थ असे वेगळे लागतात, तेव्हा कुठलाही अर्थ जपूनच सांगायला हवा.

मग एक आजोबा आले. तक्रार अपचनाची. बाईंनी बोटं ठेवली आणि बराच वेळ उचललीच नाहीत. पन्नास झाले, पुन्हा पन्नास मोजले. खोलीत कुणी बोलेना. मग त्यांनी विचारलं, “आजोबा, जिना चढताना दम लागतो? छातीत धडधडतं?” आजोबा म्हणाले, “लागतो थोडा. वयच झालं आता.”

“ठोके एकसारखे पडत नाहीयेत. पोटाचं औषध देते, पण आधी ईसीजी काढा. आजच.” चिठ्ठी त्यांनी तिथल्या तिथे लिहिली.

तो प्रसंग माझ्या मनातून जात नाही. बोटांनी काहीतरी पकडलं होतं, त्याला नाव द्यायची घाई बाईंनी केली नाही.

बोटांचं हे काम यंत्राकडून करून घ्यायचाही प्रयत्न झाला आहे. पुण्याच्या राष्ट्रीय रासायनिक प्रयोगशाळेतल्या आणि आयआयटी मुंबईच्या संशोधकांनी ‘नाडी तरंगिणी’ हे यंत्र तयार केलं. त्यावरचा निबंध 2007 साली आला. तीन बोटांच्या जागी तीन संवेदक दाबाची लहर टिपतात. लहर कागदावर येते हे मोलाचं आहे. तिचा अर्थ लावायचं काम मात्र उरतंच.

चरक-सुश्रुतांच्या संहितांत अशी नाडीपरीक्षा नाही. ती शार्ङ्गधराच्या काळी ग्रंथात आली. ‘योगरत्नाकर’ या ग्रंथात ती आठ परीक्षांपैकी एक आहे. मूत्र, मल, जीभ, डोळे अशा बाकीच्या सात तिच्या जोडीला आहेत. वाग्भटानेही रोग्याला पाहायला, स्पर्श करायला आणि प्रश्न विचारायला सांगितलं. ‘काही सांगू नका’ हे शास्त्र नव्हे, जाहिरात आहे.

म्हणून नाडी दाखवायला जरूर जा, पण रक्ताचे रिपोर्ट सोबत न्या आणि चालू गोळ्या डॉक्टरांना विचारल्याशिवाय बंद करू नका. आणि जो वैद्य पन्नास ठोके मोजत नाही, एकही प्रश्न विचारत नाही, त्याच्यासमोरून उठून या.