जव्हार-मोखाड्यात 'दुसरे घर' : स्वस्ताईमागील कायदा जाणून घ्या

लोणावळा, कर्जत, अलिबाग येथील जमिनींचे भाव सामान्य नोकरदाराच्या आवाक्याबाहेर गेल्यानंतर सुट्टीतल्या घराचे स्वप्न पाहणाऱ्यांची नजर जव्हार-मोखाड्याकडे वळावी, यात नवल नाही. समुद्रसपाटीपासून सुमारे साडेचारशे मीटर उंचीवरचे जव्हार, मुकणे संस्थानिकांचा जयविलास राजवाडा, दाभोसा धबधबा, मोखाडा तालुक्यातील सूर्यमाळचा गारवा आणि त्र्यंबकेश्वरमार्गे नाशिकशी असलेली जवळीक या साऱ्यांचे आकर्षण मोठे आहे. १ ऑगस्ट २०१४ रोजी पालघर हा स्वतंत्र जिल्हा झाल्यापासून 'आता येथे विकास येणार' हे वाक्य जमीन दाखविणाऱ्यांच्या तोंडी अधिकच रुळले आहे. बंगल्याचे भूखंड, रो-हाऊस, 'फार्म हाऊस' अशा विविध नावांनी गुंतवणुकीचे प्रस्ताव शहरवासीयांपुढे ठेवले जातात. परंतु येथील जमीन इतरत्रच्या तुलनेत स्वस्त का, हा प्रश्न खरेदीदाराने व्यवहारापूर्वी स्वतःला विचारलाच पाहिजे.

स्वस्ताईचे खरे कारण

जव्हार आणि मोखाडा हे दोन्ही तालुके राज्यघटनेच्या पाचव्या अनुसूचीखालील अनुसूचित क्षेत्रात मोडतात. २०११ च्या जनगणनेनुसार जव्हार तालुक्याची लोकसंख्या सुमारे एक लाख चाळीस हजार, तर मोखाड्याची त्र्याऐंशी हजार होती आणि तीत दहापैकी नऊ व्यक्ती अनुसूचित जमातींच्या होत्या. वारली, कोकणा, महादेव कोळी, ठाकूर, कातकरी यांची ही भूमी. साहजिकच येथील बहुतांश शेतजमीन आदिवासी खातेदारांच्या नावावर आहे आणि ती बिगर-आदिवासी व्यक्तीला मनमानेल तशी विकता येत नाही. ग्राहकांचे वर्तुळच कायद्याने मर्यादित झाल्यामुळे भाव कमी राहतात.

महाराष्ट्र जमीन महसूल अधिनियम, १९६६ मधील कलम ३६ अ ही यातील कळीची तरतूद होय. ६ जुलै १९७४ पासून अमलात असलेल्या या कलमानुसार आदिवासीची जमीन विक्री, बक्षीस, अदलाबदल, गहाण वा भाडेपट्टा यांपैकी कोणत्याही मार्गाने बिगर-आदिवासीकडे जाण्यासाठी जिल्हाधिकाऱ्यांची पूर्वपरवानगी लागते. पाच वर्षांपर्यंतचा भाडेपट्टा वा गहाण वगळता इतर सर्व बाबतींत जिल्हाधिकाऱ्यांना ही परवानगी देण्यापूर्वी राज्य शासनाची मान्यता घ्यावी लागते. त्या गावात अथवा पाच किलोमीटरच्या परिसरात ती जमीन घेण्यास कोणी आदिवासी तयार नाही, याचीही खात्री करून घ्यावी लागते. २०१६ मध्ये राज्यपालांच्या अधिसूचनेने अनुसूचित क्षेत्रातील अशा खरेदीसाठी ग्रामसभेच्या पूर्वमंजुरीची अट जोडण्यात आली. थोडक्यात, सुट्टीतल्या बंगल्यासाठी अशी परवानगी मिळेल, या भरवशावर पैसे गुंतविणे शहाणपणाचे नाही.

हे निर्बंध कोणा अधिकाऱ्याच्या लहरीतून आलेले नाहीत. सावकाराचे कर्ज, लग्नासाठी घेतलेली उचल आणि कोऱ्या कागदावरचा अंगठा यांमुळे जुन्या ठाणे जिल्ह्यातील आदिवासी आपल्याच जमिनीवर वेठबिगार झाले होते. गोदावरी परुळेकर यांच्या 'जेव्हा माणूस जागा होतो' या पुस्तकातून ही परिस्थिती मराठी वाचकांना परिचित आहे. ज्या कुटुंबाला वर्षातले काही महिने मजुरीसाठी गाव सोडावे लागते, त्याच्यासाठी वरकस जमिनीचा लहानसा तुकडाही परतीचा एकमेव आधार असतो. कायदा जपतो तो हा आधार.

पळवाटा नव्हे, सापळे

कायद्यातून 'मार्ग' काढून देणारे मध्यस्थ सर्वत्र भेटतात. नोटरीपुढे केलेला करार, कुलमुखत्यारपत्र, नव्व्याण्णव वर्षांचा भाडेपट्टा किंवा विश्वासातल्या आदिवासी व्यक्तीच्या नावावर खरेदी, हे त्यांचे ठरलेले पर्याय. नोटरीच्या शिक्क्याने मालकी मिळत नाही आणि कुलमुखत्यारपत्रानेही नाही. भाडेपट्टा हेसुद्धा कलम ३६ अ च्या दृष्टीने हस्तांतरणच आहे. दुसऱ्याच्या नावावर केलेली खरेदी बेनामी व्यवहारविरोधी कायद्याखाली जप्तीस पात्र ठरू शकते.

कलमाचा भंग झाल्याचे आढळल्यास जिल्हाधिकारी स्वतःहून चौकशी करू शकतात. संबंधितांना तक्रार करण्यासाठी ६ जुलै २००४ पासून तीस वर्षांची मुदत आहे. व्यवहार अवैध ठरला तर जमीन शासनाकडे निहित होऊन मूळ खातेदाराला परत मिळू शकते. तीवर बांधलेल्या घराचा खर्च खरेदीदाराच्या पदरात पडेल, याची शाश्वती नाही.

'जमीन एनए आहे' या उत्तरानेही समाधान मानू नये. अकृषिक परवानगी जमिनीचा वापर सांगते. मालकीवरील निर्बंध तिने नाहीसा होत नाही. महारेराच्या बाबतीतही गैरसमज आहेत. जमीन पाचशे चौरस मीटरपर्यंत असेल किंवा घरे आठपर्यंत असतील, तर प्रकल्पाची नोंदणी सक्तीची नसते. छोट्या बंगले-योजना बहुधा याच सवलतीत बसविल्या जातात.

मग खरेदी अशक्यच आहे काय?

तसे नाही. जव्हार शहरात आणि काही गावठाणांत पिढ्यान्‌पिढ्या बिगर-आदिवासी कुटुंबांच्या मालकीची घरे व भूखंड आहेत. त्यांची खरेदी होऊ शकते. मात्र पुढील गोष्टी तपासल्याशिवाय विसार देऊ नये.

- गेल्या साठ-सत्तर वर्षांचे सातबारा उतारे व सर्व फेरफार काढावेत. १ एप्रिल १९५७ ते ६ जुलै १९७४ या काळात जमीन आदिवासीकडून बिगर-आदिवासीकडे गेली असल्यास १९७४ च्या जमीन प्रत्यर्पण कायद्याचा प्रश्न उद्भवतो.
- 'इतर अधिकार' या रकान्यातील शेरे, भोगवटादार वर्ग आणि 'खासगी वन' अशी नोंद पाहावी. वनहक्क कायद्याखाली मिळालेली जमीन वारसाहक्काने मिळते, पण विकता येत नाही.
- शेतजमीन असल्यास कूळकायद्याच्या कलम ६३ प्रमाणे खरेदीदार शेतकरी असावा लागतो अथवा परवानगी घ्यावी लागते.
- शहरात मिळकत पत्रिका व मंजूर बांधकाम नकाशा पाहावा आणि जव्हारच्या प्रांत कार्यालयात जमिनीसंबंधी काही प्रकरण प्रलंबित आहे का, याची चौकशी करावी.

पाणी आणि हिशेब

कागद चोख निघाले तरी पाण्याचा प्रश्न उरतोच. पावसाळ्यात येथे धो-धो पाऊस पडतो. परंतु कातळ आणि तीव्र उतार यांमुळे तो वाहून जातो आणि उन्हाळ्यात अनेक पाड्यांना टँकरची वाट पाहावी लागते. मुंबईला पाणी देणारे मध्य वैतरणा धरण मोखाडा तालुक्यात असूनही शेजारच्या वस्त्या तहानलेल्या राहतात, ही या भागातील जुनी व्यथा आहे. अशा ठिकाणी जलतरण तलावासह बंगला बांधून कूपनलिका खोदणारा नवा रहिवासी कोणाच्या वाट्याचे पाणी उपसतो, याचा विचार व्हायला हवा.

आता उदाहरणादाखल हिशेब मांडू. समजा, चाळीस लाखांचे रो-हाऊस घेतले आणि वर्षातील चाळीस रात्री चार हजार रुपये भाड्याने दिले. उत्पन्न झाले एक लाख साठ हजार. राखणदाराचे महिना आठ हजार, म्हणजे वर्षाचे शहाण्णव हजार. वीज, कर व पावसाळ्यापूर्वीची डागडुजी यांसाठी चाळीस हजार. हाती उरले चोवीस हजार. तीच रक्कम सात टक्के व्याजाने ठेवली असती, तर दोन लाख ऐंशी हजार मिळाले असते. भाव वाढतील या आशेवर हा तोटा सोसायचा, तर विकतेवेळी ग्राहक मिळायला हवा आणि तुम्हाला पडलेले सर्व प्रश्न त्यालाही पडणारच.

म्हणून निर्मळ मालकीचे घर राहण्याच्या हौसेसाठी जरूर घ्यावे. केवळ नफ्यासाठी जव्हार-मोखाड्याची वाट धरू नये. वर्षातून चार दिवस गारवा अनुभवायचा असेल, तर एखाद्या स्थानिक कुटुंबाकडे पैसे मोजून राहावे आणि नागलीची भाकरी खावी. त्यात पैसा गावात राहतो आणि ज्याची जमीन, त्याच्याकडेच ती राहते.